ब्रेल नोटटेकर आणि जोडणीचा प्रश्न : मराठी ब्रेलच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : ब्रेल, भारती ब्रेल, नोटटेकर, बिनतारी जोडणी, युनिकोड, मराठी फॉन्ट, दृष्टिबाधितांचे उच्च शिक्षण

प्रस्तावना

महाविद्यालयातील दृष्टिबाधित विद्यार्थी म्हटला की अध्यापकांच्या डोळ्यांसमोर सामान्यतः पांढरी काठी, परीक्षेतील लेखनिक आणि फार तर ब्रेल पाटी उभी राहते. गेल्या चार दशकांत या साधनांच्या जोडीला आणखी एक साधन आले आहे. ते म्हणजे ब्रेल नोटटेकर. सहा किंवा आठ कळांचा ब्रेल कळफलक, आत एक लहान संगणक, बोलणारा आवाज आणि पुढच्या कडेला बिंदू वर-खाली होणारी ब्रेलची एक ओळ, असे या यंत्राचे सर्वसाधारण स्वरूप असते. वर्गात टिपणे घेणे, घेतलेली टिपणे बोटांनी पुन्हा वाचणे आणि ती संगणकाकडे, मोबाइलकडे किंवा इंटरनेटवर पाठविणे ही कामे त्यावर होतात.

या शेवटच्या कामाचा, म्हणजे जोडणीचा, विचार बहुधा तांत्रिक बाब म्हणून केला जातो. महाविद्यालयात वाय-फाय आहे, यंत्रात ब्लूटूथ आहे, तेव्हा प्रश्न सुटला असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची ऐतिहासिक दृष्टीने तपासणी केली आहे. ब्रेलच्या इतिहासात यंत्रे जोडण्याआधी दरवेळी संकेत जुळवावे लागले आहेत. मराठी वाचकाच्या बाबतीत तर तार असणे वा नसणे ही अडचण लहान ठरली असून मजकूर कोणत्या संकेतात साठविला आहे ही अडचण मोठी ठरली आहे, असे येथे प्रतिपादन आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत मराठीतून शिकणारा आणि शिकविणारा वर्ग मोठा असल्यामुळे या परिसराच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. (शहराचे अधिकृत नामांतर २०२३ मध्ये झाले. त्यापूर्वीच्या घटनांच्या संदर्भात ‘औरंगाबाद’ हे तत्कालीन नाव ठेवले आहे.)

डोळस जगाशी पहिली जोडणी

लुई ब्रेल (१८०९-१८५२) यांनी पॅरिसच्या अंधशाळेत विद्यार्थी असतानाच, १८२४ च्या सुमारास, सहा बिंदूंची पद्धत सिद्ध केली. चार्ल्स बार्बिए यांच्या बारा बिंदूंच्या पद्धतीचे ते सुलभीकरण होते. १८२९ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. हा भाग सर्वपरिचित आहे. त्या मानाने त्यांच्या उत्तरायुष्यातील एका प्रयत्नाकडे फारसे लक्ष दिले जात नाही. अंध विद्यार्थी आपापसांत ब्रेलमध्ये पत्रव्यवहार करू लागले, परंतु घरच्या डोळस माणसांना ती अक्षरे वाचता येत नसत. यावर उपाय म्हणून ब्रेल यांनी १८३९ मध्ये ‘डेकापॉइंट’ ही निराळी पद्धत मांडली. तीत रोमन अक्षरांचे आकारच बिंदूंनी टोचून काढले जात, त्यामुळे डोळस वाचकास ते पत्र वाचता येई. हे काम हाताने फार वेळ घेई, म्हणून त्यांचे अंध मित्र फूको यांनी त्यासाठी एक यंत्र तयार केले. म्हणजे ब्रेल लेखन डोळस व्यक्तीपर्यंत कसे पोहोचवावे हा प्रश्न ब्रेलइतकाच जुना असून, त्याचे पहिले यांत्रिक उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच शोधले गेले होते.

भारतात ब्रेलचा प्रवेश मिशनरी शाळांमार्फत झाला. ॲनी शार्प यांनी १८८७ मध्ये अमृतसर येथे पहिली अंधशाळा काढली. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये सुरू केलेली शाळा पुढे दादर येथील अंधशाळा म्हणून ओळखली गेली. १९०२ मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा स्थापन झाली. तिचे अधीक्षक डॉ. नीलकंठराय छत्रपती हे स्वतः दृष्टिहीन होते. पुणे येथील अंधशाळा १९३४ ची. मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात असल्यामुळे मुंबई-पुण्याच्या या शैक्षणिक वर्तुळाबाहेर होता, हे लक्षात घ्यावे लागते.

या शाळांतील पुस्तकांना एक जाळे लागत असे आणि ते जाळे होते टपालखात्याचे. ब्रेलचे पान जाड कागदाचे असते. एका पानावर साधारणतः पंचवीस ओळी आणि एका ओळीत चाळीस चौकटी मावतात. परिणामी छापील एक पुस्तक ब्रेलमध्ये अनेक खंडांचे होते आणि त्याचे वजन किलोंमध्ये मोजावे लागते. ‘अंध साहित्य’ या वर्गातील सात किलोपर्यंतचे टपाल भारतीय टपालखात्याने शुल्कमुक्त ठेवले आहे, त्यामागचे कारण हेच. आज फाइल बिनतारी मार्गाने क्षणात जाते तेव्हा जे वाचते ते हे वजन होय.

संकेतांची फाटाफूट आणि भारती ब्रेल

टपालाने पुस्तक पोहोचले तरी ते वाचता येईलच याची शाश्वती मात्र नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतीय भाषांसाठी अनेक परस्परविसंगत ब्रेल संकेत प्रचारात होते. नोल्स व गार्थवेट यांचे ‘ओरिएंटल ब्रेल’, शिरेफ यांचे संकेत, कोलकात्यातील शाह ब्रेल, नीलकंठराय यांचे संकेत ही त्यांतील काही नावे. एका शाळेत शिकलेल्या विद्यार्थ्यास दुसऱ्या शाळेतील पुस्तक निरुपयोगी ठरे. छपाईच्या दृष्टीनेही ही स्थिती हानिकारक होती, कारण कोणत्याही एका संकेतातील वाचकसंख्या मुद्रणालय चालविण्याइतकी होत नसे.

सर क्लुथा मॅकेंझी यांचे कार्य या संदर्भात महत्त्वाचे आहे. न्यूझीलंडचे हे गृहस्थ १९१५ च्या गॅलिपोलीच्या लढाईत दृष्टी गमावून बसले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते डेहराडून येथे युद्धात अंधत्व आलेल्या भारतीय सैनिकांच्या पुनर्वसनाचे काम पाहत होते. १९४९ मध्ये भारत सरकारने ब्रेलच्या एकरूपतेचा प्रश्न युनेस्कोपुढे नेला. सल्लागार म्हणून मॅकेंझी यांची नेमणूक झाली. १९५० मध्ये पॅरिस आणि १९५१ मध्ये बैरूत येथे परिषदा झाल्या आणि त्यांतून ‘भारती ब्रेल’ची निश्चिती झाली. त्याच वर्षी डेहराडून येथे मध्यवर्ती ब्रेल मुद्रणालय सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेत ‘पर्किन्स ब्रेलर’ हे टंकयंत्रही बाजारात आले. हा योगायोगच, पण पुढील तीस-चाळीस वर्षांच्या ब्रेल लेखनाचा पाया या एका वर्षात घातला गेला.

भारती ब्रेलचे तत्त्व साधे आहे. भारतीय भाषांतील समान ध्वनीस समान खूण द्यावी आणि शक्य तेथे इंग्रजी ब्रेलमधील तत्सम अक्षराचीच खूण ठेवावी. त्यानुसार ‘क’ म्हणजे बिंदू १-३, ‘ग’ म्हणजे १-२-४-५, ‘ब’ म्हणजे १-२, ‘म’ म्हणजे १-३-४. इंग्रजीत नसलेल्या ध्वनींना उरलेल्या खुणा मिळाल्या. ‘ख’ला ४-६, ‘भ’ला ४-५, ‘ळ’ला ४-५-६. लेखनाचा क्रम उच्चारानुसारी ठेवला गेला. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, भारती ब्रेलमध्ये ती व्यंजनानंतरच येते. जोडाक्षरात मात्र हलन्ताची खूण (बिंदू ४) व्यंजनाच्या आधी लिहितात. ‘भक्ती’ हा शब्द भ, हलन्त, क, त, ई या क्रमाने उमटतो. हलन्ताचे हे स्थान पुढे संगणकाच्या काळात विशेष महत्त्वाचे ठरले.

औरंगाबादच्या दृष्टीने या निर्णयाचा एक परिणाम लक्षणीय आहे. हे शहर मराठी आणि उर्दू या दोन भाषांचे. निजामी राजवटीत उर्दू ही राज्यकारभाराची आणि उस्मानिया विद्यापीठाच्या अध्यापनाची भाषा होती. डोळस माणूस या दोन लिप्या विरुद्ध दिशांनी वाचतो आणि दोन्हींतील अक्षरांत काही साम्य शोधू जाता सापडत नाही. भारतातील उर्दू ब्रेल मात्र भारती ब्रेलच्याच तत्त्वावर आधारलेले असून ते डावीकडून उजवीकडेच वाचले जाते. मराठी ‘क’ आणि उर्दू ‘काफ’, ‘म’ आणि ‘मीम’, ‘ल’ आणि ‘लाम’ यांच्या खुणा एकच आहेत. शहागंज परिसरातील दोन पाट्यांसमोर उभ्या असलेल्या डोळस माणसाला जी एकता दिसत नाही ती या शहरातील ब्रेल वाचकाच्या बोटाला जाणवते. दोन शासनव्यवस्थांच्या सांध्यावर असलेल्या प्रदेशात (मराठवाडा १९४८ मध्ये मुक्त झाला आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला) ही गोष्ट १९५१ मध्येच निश्चित झाली.

तारेची जोडणी

पाटी आणि टोचणीने लिहिताना अक्षर उलट दिशेने टोचावे लागते आणि कागद उलटल्याशिवाय लिहिलेले वाचता येत नाही. ब्रेलरने ही अडचण दूर केली, तथापि तो जड आणि आवाज करणारा होता. कागदाशिवाय ब्रेल ही कल्पना १९७० नंतरच्या दशकात प्रत्यक्षात आली. पिझो-सिरॅमिकच्या पातळ पट्टीला सुमारे २०० व्होल्टचा दाब दिला की ती किंचित वाकते आणि तिच्या टोकावरील बिंदू वर उचलला जातो. या तत्त्वावर एकेक चौकट तयार होते. आठ बिंदूंच्या अठरा चौकटींसाठी १४४ पट्ट्या लागतात आणि प्रत्येक पट्टीचे काम अचूक असावे लागते. ब्रेल डिस्प्लेच्या किमतीचे मूळ येथे आहे. सॉफ्टवेअर स्वस्त झाले तरी ही किंमत त्या वेगाने उतरली नाही.

१९८० च्या सुमारास टेलीसेन्सरी या अमेरिकन कंपनीचे ‘व्हर्साब्रेल’ आले. त्यात मजकूर ध्वनिफितीच्या कॅसेटवर साठविला जाई. १९८७ मध्ये डीन ब्लेझी यांनी ‘ब्रेल अँड स्पीक’ तयार केला. त्यात ब्रेल कळा होत्या, पण बिंदूंची ओळ नव्हती. लिहिलेले यंत्र बोलून दाखवी. याच यंत्राने नोटटेकर हा प्रकार रूढ केला असे म्हणता येईल.

या यंत्रांची जोडणी सिरियल पोर्टमधून होत असे. ते काम आजच्या वापरकर्त्यास कल्पना येणार नाही इतके किचकट होते. दोन्ही बाजूंचा वेग, पॅरिटी, थांबा-बिट आणि हँडशेक यांचे आकडे तंतोतंत जुळावे लागत. एक आकडा चुकला तर संगणकावर निरर्थक चिन्हे उमटत किंवा काहीच उमटत नसे. चूक कोठे झाली हे पाहण्यासाठी समोरच्या पडद्याकडे बघावे लागे आणि तेथेच दृष्टिबाधित वापरकर्ता अडे. एकट्याने लिहिण्याचे स्वातंत्र्य देणारे यंत्र, लिहिलेले दुसऱ्याला देण्याच्या वेळी पुन्हा डोळस मदतनीस मागत असे.

बिनतारी जोडणी

वाय-फायचा मूळ मानदंड १९९७ चा, ब्लूटूथची पहिली आवृत्ती १९९९ ची. न्यूझीलंडमधील पल्स डेटा या कंपनीचा ‘ब्रेलनोट’ २००० मध्ये आला. (मॅकेंझी आणि ब्रेलनोट दोन्ही त्याच लहानशा देशातून यावेत, ही बाब जाता जाता नोंदवावीशी वाटते.) २००५ च्या ‘एमपॉवर’ आवृत्तीत ब्लूटूथ आले आणि २००९ च्या ‘एपेक्स’मध्ये वाय-फाय अंगभूत झाले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. त्यानंतरच महाविद्यालयांच्या आवारांत वाय-फाय पसरण्यास मोकळीक मिळाली. म्हणजे यंत्र आणि कायदा दोन्ही जवळपास एकाच वेळी तयार झाले होते. मात्र अशा नोटटेकरची किंमत लाखांच्या घरात असल्याने मराठवाड्यातील सर्वसाधारण विद्यार्थ्यापर्यंत तो पोहोचणे दुरापास्त होते.

ज्यांच्यापर्यंत ही यंत्रे पोहोचली त्यांच्यासमोर निराळे अडथळे उभे राहिले. महाविद्यालयाच्या वाय-फायला जोडताना बहुधा ब्राउझरमध्ये एक प्रवेशपान उघडते. जुन्या नोटटेकरमधील ब्राउझर अशी पाने नीट उघडू शकत नसत, आणि पान उघडले तरी त्यावर चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याची अट असली की तेथे ब्रेल निरुपयोगी ठरे. दुसरा अडथळा पासवर्डचा. नेहमीच्या ब्रेलमध्ये अंकापूर्वी अंकचिन्ह येते आणि मोठ्या रोमन अक्षरापूर्वी वेगळी खूण येते. पासवर्डमध्ये मात्र प्रत्येक चिन्हास एकच चौकट लागते, त्यासाठी ‘संगणक ब्रेल’ हा निराळा तक्ता वापरावा लागतो. भारती ब्रेलमध्ये शिकलेल्या मुलाच्या बोटाला ४-६ म्हणजे ‘ख’. अमेरिकी संगणक ब्रेलमध्ये तीच खूण पूर्णविरामाची आहे. ‘ञ’ची २-५ ही खूण तेथे ३ हा अंक होते. वर्गातील डोळस विद्यार्थी फळ्यावरचा पासवर्ड पाहून क्षणात जोडला जातो. त्याच कामासाठी दृष्टिबाधित विद्यार्थ्यास तिसरा संकेत शिकावा लागतो.

ब्लूटूथच्या बाबतीत अडचण वेगळी होती. प्रत्येक उत्पादकाने आपल्या डिस्प्लेसाठी स्वतंत्र संभाषणपद्धती ठेवली होती. त्यामुळे प्रत्येक यंत्रासाठी, प्रत्येक संगणक प्रणालीवर, निराळा ड्रायव्हर लागे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘बीआरएलटीटीवाय’ या मुक्त प्रकल्पाने असे ड्रायव्हर एकत्र करण्याचे कष्टाचे काम केले. २०१० मध्ये आयफोनला ब्लूटूथने ब्रेल डिस्प्ले जोडता येऊ लागला आणि नोटटेकरचे स्वरूपच बदलले. सर्व कामे स्वतः करणाऱ्या यंत्राऐवजी मोबाइलचा ब्रेल कळफलक व ब्रेल पडदा म्हणून त्याचा वापर होऊ लागला. अखेर मे २०१८ मध्ये यूएसबी मानदंड ठरविणाऱ्या संस्थेने ब्रेल डिस्प्लेसाठी एकसमान मानदंड जाहीर केला. कळफलक वा माऊस जसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो तसा ब्रेल डिस्प्लेही चालावा, हा त्यामागील हेतू. १९५१ मध्ये अक्षरांच्या बाबतीत जे घडले त्याच जातीचा हा निर्णय यंत्रांच्या बाबतीत ६७ वर्षांनी झाला.

मराठी मजकुराचा अडथळा

जोडणी झाली, फाइल आली, पण ती उघडल्यावर बोटाखाली काय येते, हा पुढील प्रश्न आहे. संपूर्ण विवेचनाचा गाभा येथे असल्याने त्याचा सविस्तर विचार आवश्यक आहे.

ब्रेल मजकूर साठविण्याची जुनी पद्धत ‘बीआरएफ’ फाइलची. सहा बिंदूंच्या ६४ शक्यतांना संगणकावरील ६४ साधी चिन्हे नेमून दिलेली असतात. फाइलमध्ये भाषा नसते, केवळ बिंदू असतात. या कारणाने मराठी, उर्दू वा इंग्रजी कोणताही ब्रेल मजकूर तीत साठविता येतो आणि स्वस्तातल्या स्वस्त नोटटेकरवर वाचता येतो. उणीव दुसऱ्या टोकाला आहे. विद्यार्थ्याने ‘शाळा’ असे लिहून बीआरएफ फाइल अध्यापकांकडे पाठविली तर त्यांच्या पडद्यावर %>_> अशी चिन्हे दिसतात. विद्यार्थ्याची चूक नसते आणि यंत्राचीही नसते. दोन्ही टोकांना संकेत मात्र वेगळे असतात. हा डेकापॉइंटपूर्वीचाच प्रसंग निराळ्या रूपात आला आहे.

यावर उपाय म्हणजे ब्रेल व देवनागरी यांच्यामध्ये रूपांतर करणारे सॉफ्टवेअर. ‘डक्सबरी’ हे व्यावसायिक सॉफ्टवेअर आणि ‘लिबलुई’ हे मुक्त सॉफ्टवेअर या दोन्हींत मराठीचे तक्ते उपलब्ध आहेत. आयआयटी खरगपूर येथील संशोधकांनी २००५ मध्ये भारतीय भाषांसाठी ‘स्पर्श’ हा साधनसंच मांडला होता. रूपांतराचे काम युनिकोडमधील मजकुरावर सुरळीत होते, कारण युनिकोडनेही उच्चारानुसारी क्रमच स्वीकारला आहे. ‘कि’ लिहिताना तेथे आधी ‘क’ आणि मग वेलांटी साठविली जाते, ब्रेलमध्येही तोच क्रम आहे. जोडाक्षरात थोडी उलटापालट करावी लागते. युनिकोडमध्ये हलन्त व्यंजनानंतर येतो आणि ब्रेलमध्ये आधी. पण हा नियम निश्चित असल्यामुळे यंत्राला तो पाळता येतो.

मराठी महाविद्यालयीन जगाचा मजकूर मात्र दीर्घकाळ युनिकोडमध्ये नव्हता. श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख इत्यादी फॉन्टांच्या पद्धतीत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. पडद्यावर आणि कागदावर सुंदर मराठी दिसे. फाइलच्या पोटात मात्र रोमन अक्षरे आणि विरामचिन्हांची निरर्थक मालिका असे. वेलांटी दिसते तशी, व्यंजनाच्या आधी, टंकित केलेली असे. काना वेगळा, अर्धे अक्षर वेगळे, रफार वेगळा. प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी, एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांतही कधी कधी फरक. अशी फाइल बिनतारी मार्गाने अर्ध्या सेकंदात नोटटेकरवर पोहोचली तरी वाचणाऱ्याच्या बोटाखाली मराठी येत नाही आणि इंग्रजीही येत नाही. १९५१ पूर्वी टपालाने परक्या संकेतातील पुस्तक आल्यावर जी अवस्था होत असे तीच ही अवस्था.

स्कॅन करून तयार केलेल्या पीडीएफची स्थिती याहून वेगळी नाही, कारण ती केवळ छायाचित्रे असतात. त्यांतून मराठी अक्षरे ओळखणारी सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. परंतु जुनी छपाई, अस्पष्ट अनुस्वार आणि पुसट वेलांट्या यांमुळे तपासणीचे काम माणसालाच करावे लागते.

येथे एक आक्षेप संभवतो. बोलणारी सॉफ्टवेअर आली, मराठी आवाज आले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील संगणकशास्त्र विभागात मराठी उच्चारओळखीवर २०१० च्या सुमारास संशोधनही प्रसिद्ध झाले, तेव्हा ब्रेलचा आग्रह कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. वेग आणि खर्च या दोन्ही बाबतींत आवाज वरचढ आहे आणि अनेक दृष्टिबाधित विद्यार्थी ऐकूनच पदवीपर्यंत पोहोचतात. तथापि जुन्या फॉन्टातील फाइल आवाजालाही वाचता येत नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. शिवाय मराठीचे शुद्धलेखन कानाने शिकता येत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘पाणि’ आणि ‘पाणी’ यांतील भेद आजच्या उच्चारात जवळजवळ उरलेला नाही. ब्रेलमध्ये ऱ्हस्व ‘इ’ २-४ आणि दीर्घ ‘ई’ ३-५ असल्यामुळे बोटाला तो प्रत्येक वेळी स्वच्छ जाणवतो. आयुष्यभर केवळ ऐकलेला विद्यार्थी मराठीत एम.ए. करतो आणि उत्तरपत्रिका लेखनिकाकडून लिहवून घेतो, तेव्हा त्यातील शुद्धलेखन कोणाचे मानावे हा प्रश्न परीक्षकांनी स्वतःला विचारून पाहण्यासारखा आहे. भाषेचा अध्यापक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तो उपजीविकेचा प्रश्न होतो.

मराठीत ब्रेल वाचनाची मागणी आहे याचा पुरावाही उपलब्ध आहे. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. बोलणारे संगणक शहरांत येऊ लागलेले असताना कागदावरच्या ब्रेलमध्ये वृत्तपत्र काढणे हे काहींना काळाच्या उलट दिशेचे वाटले असेल. पण वृत्तपत्र मनात येईल तेव्हा उघडणे, शीर्षकांवरून बोट फिरवून नको ती बातमी सोडणे आणि हवी ती पुन्हा वाचणे, हे डोळस वाचकाचे सुख त्यातून प्रथमच मराठीत मिळाले.

अलीकडील स्थिती

उपकरणांच्या बाजूने २०१५ नंतर परिस्थिती झपाट्याने बदलली. ‘ऑर्बिट रीडर २०’ हा वीस चौकटींचा, तुलनेने स्वल्प किमतीचा डिस्प्ले आला. मुंबईतील इनोव्हिजन या नवउद्योगाने पिझो-पट्टीऐवजी चुंबकीय तत्त्वावर चालणारा ‘ब्रेल मी’ तयार केला. त्यात वीस चौकटी, मेमरी कार्ड, यूएसबी आणि ब्लूटूथ या सोयी आहेत. दिल्ली आयआयटीच्या पुढाकाराने २०१९ मध्ये ‘डॉटबुक’ आले. मराठवाड्यात भारनियमनाचा काळ अनुभवलेल्यांना या यंत्रांची बॅटरी हीच मोठी सोय वाटल्यास नवल नाही.

कायद्याची बाजूही पूर्वीपेक्षा भक्कम आहे. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात अपंग व्यक्तींसाठी सुगम स्वरूपातील प्रती तयार करण्यास मुभा मिळाली. २०१३ च्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला (२०१४). ऑगस्ट २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘संवाद’ या संज्ञेत ब्रेलचा स्पष्ट समावेश आहे, तसेच उच्च शिक्षणात किमान पाच टक्के राखीव जागांची तरतूद आहे. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सुगमतेसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रवेशाची वाट कायद्याने रुंद केली आहे. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याच्या यंत्रावर येणारी टिपणे कोणत्या संकेतात असावीत, हे मात्र वर्गावर्गात ठरते.

महाविद्यालयांच्या शोधपत्रिकांचा येथे उल्लेख करणे प्राप्त आहे. २००० ते २०१० या दशकात लेखकांना दिल्या जाणाऱ्या सूचनांत लेख अमुक फॉन्टमध्ये, अमुक आकारात टंकित करून सीडीसह पाठवावा, असे वाक्य हमखास असे. मुद्रकाच्या सोयीसाठी तो नियम रास्त होता. त्या दशकातील मराठवाड्याचा इतिहास, संतसाहित्य, दलित चळवळ, दुष्काळ, सिंचन इत्यादी विषयांवरील बरेच मराठी लेखन त्यामुळे अशा फाइलींत आहे. तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करण्यासाठी प्रत्येक फॉन्टचा स्वतंत्र रूपांतरक लागतो आणि रूपांतरानंतरही हाताने तपासणी करावीच लागते. विशेषतः ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ यांसारख्या शब्दांतील र. जुन्या फॉन्टांत तो एक सुटा तुकडा आहे आणि युनिकोडमध्ये तो दोन पद्धतींनी लिहिला जातो. ब्रेलच्या तक्त्यात या दोन्ही पद्धतींची नोंद नसेल तर वाचकाच्या बोटाखाली अनपेक्षित खूण येते. असे शब्द शोधून ते एकेक करून दुरुस्त करणे हे काम मराठी विभागातील माणूसच करू शकतो. त्यासाठी नोटटेकर लागत नाही आणि वाय-फायही लागत नाही. पत्रिकेच्या जुन्या अंकांच्या मूळ फाइली कोणत्या कपाटात, कोणत्या सीडीवर आहेत आणि त्या सीडी अद्याप वाचता येतात काय, हे मात्र आधी पाहावे लागते.